तीस युरो आणि एक सही

८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री स्पेनमधल्या कोर्दोबाहून, तिथल्या मशीद-कॅथेड्रलला लागलेल्या आगीचे व्हिडिओ यायला लागले तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटात पहिला अर्धा तास नुसतं नावावरून भांडण झालं. एकाने लिहिलं, "हजार वर्षांची मशीद जळतेय." दुसऱ्याने लगेच दुरुस्ती केली, "मशीद नाही, चर्च. ७८९ वर्षं चर्चच आहे." मग तिसरा उगवला आणि त्याने विचारलं, मशिदीच्या आधी तिथे काय होतं तेही सांगा. पुढे काय झालं ते सांगायला नको. आपल्याकडच्या कुठल्याही गटात हे तीन गडी हजर असतातच. तिकडे आग त्याच रात्री आटोक्यात आली, नुकसान एका कोपऱ्यातल्या चॅपेलांपुरतं, म्हणजे छोट्या प्रार्थना-दालनांपुरतं, राहिलं आणि दुसऱ्या दिवशी इमारत पर्यटकांना उघडलीसुद्धा. गट मात्र चार दिवस धुमसत होता. त्या चार दिवसांत एक प्रश्न कुणालाच पडला नाही. फरशी झाडायच्या यंत्राने पेट घेतला असं बातम्यांत आलं होतं. मग जागतिक वारसा म्हणून मिरवणाऱ्या इमारतीच्या चॅपेलात झाडू-यंत्रं आणि खुर्च्या ठेवायची खोली कुणी केली? आणि उद्या ती तिथे ठेवायची की नाही, हे ठरवतं कोण?

कोर्दोबाच्या मेझकिता-कातेद्रालवरचा वाद गेली वीस वर्षं नेमका असाच, चुकीच्या दारातून आत शिरतो. मेझकिता म्हणजे मशीद, कातेद्राल म्हणजे कॅथेड्रल. या दोन शब्दांच्या मधल्या रेघेवरून स्पेनमध्ये वर्तमानपत्रांचे अग्रलेख झाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या, २०१४ साली तर गुगलच्या नकाशावर नुसतं 'कोर्दोबाचं कॅथेड्रल' असं दिसायला लागल्यावर गदारोळ होऊन जुनं जोडनाव परत आणावं लागलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ती इमारत चर्च आहे आणि चर्चच राहावी, पण ती चर्चच्या मालकीची असू नये. सरकारच्या एकट्याच्या मालकीचीही असू नये. या इमारतीवरच्या मोठ्या संकटांची मुळं शोधायला गेलं की कुराण किंवा बायबल क्वचितच हाती लागतं. हाती लागते ती कुणातरी एकाची सही.

मी तिथे गेलो तो सकाळी साडेआठला. सोमवार ते शनिवार पहिला तासभर आत फुकट सोडतात, आणि मराठी माणसाला ही माहिती पुरेशी असते. संत्र्याच्या झाडांचं अंगण ओलांडून आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. अंगणाकडच्या कमानी एके काळी उघड्या होत्या, नमाजाच्या ओळी आणि झाडांच्या ओळी एकमेकींत मिसळायच्या असं म्हणतात. पुढे तिथे चॅपेलं उभी राहिली आणि उजेड अडला. डोळे सरावले की खांब दिसायला लागतात, आणि मग खांब संपतच नाहीत. ८५६ आहेत. जवळ जाऊन हात लावून पाहिलं तर एक गुलाबी, शेजारचा काळसर निळा, तिसऱ्यावर दोरीसारखा पीळ. एकाची बैठक दुसऱ्यासारखी नाही. कारण यातले कितीतरी खांब मुळात इथले नाहीतच. रोमन आणि व्हिसिगॉथ, म्हणजे मुसलमानांच्या आधी स्पेनवर राज्य करणाऱ्या जमातीच्या, इमारतींतून ते उचलून आणलेले. ते बुटके पडले म्हणून ७८५-८६ च्या सुमारास मशीद उभारणाऱ्या अमीर अब्द अर-रहमान पहिल्याच्या गवंड्यांनी कमानीवर दुसरी कमान चढवली, एक वीट लाल, एक दगड फिकट. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे दोनशे वर्षं वाढतच गेली. खलिफा अल-हकम दुसऱ्याने मिहराबाला, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याला, सोनेरी मोझेक केलं, त्यासाठी कारागीर बायझंटाइन सम्राटाने, म्हणजे एका ख्रिस्ती राजाने, पाठवला असं जुने इतिहासकार लिहितात. त्या अंधाऱ्या बनातून चालता चालता मधोमध एकदम छत उंच होतं, वरून पांढरा उजेड कोसळतो आणि तुम्ही एका रेनेसाँस कॅथेड्रलात उभे असता. समोर क्युबाच्या महोगनीची, अठराव्या शतकात कोरलेली गायकवृंदाची आसनं. मला ते कॅथेड्रल कुरूप नाही वाटलं. पण पाहुण्याने आपली खुर्ची दिवाणखान्याच्या मध्यावर आणून ठेवावी तसं वाटलं. साडेनऊची प्रार्थना जवळ आली तसे पहारेकरी हलक्या हाताने आम्हाला दाराकडे नेऊ लागले.

ही खुर्ची मध्यभागी आली कशी? १२३६ साली कास्तीलच्या फर्नांडो तिसऱ्याने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. पण त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी त्याच खांबांच्या बनात, थोडीफार फेरफार करून, प्रार्थना केली. १५२३ मध्ये बिशप अलोन्सो मान्रिके आणि काबिल्दो, म्हणजे कॅथेड्रलच्या पाद्र्यांचं मंडळ, यांनी ठरवलं की मधले खांब काढून तिथे नवं उंच कॅथेड्रल बांधायचं. विरोध कुणी केला? मुसलमानांनी नव्हे, त्यांचा आवाज तोवर उरलाच नव्हता. विरोध केला शहराच्या ख्रिस्ती नगरपालिकेने. त्यांनी दवंडी पिटली: राजाचा निर्णय येईपर्यंत जो गवंडी, सुतार किंवा मजूर या पाडकामाला हात लावेल त्याला मृत्युदंड. कारण काय दिलं? हे जे पाडलं जातंय ते इतक्या गुणाचं आणि इतक्या पूर्णतेचं पुन्हा कुणाला बांधता येणार नाही. उत्तरादाखल चर्चने शहराच्या कोतवालाला धर्मबहिष्कृत केलं. युरोपात 'वारसा' नावाचा शब्द कायद्यात यायला अजून काही शतकं होती, आणि इथे नगरपालिका दुसऱ्या धर्माने बांधलेल्या खांबांसाठी फाशीची धमकी देत होती. (आपल्या महापालिका वाड्यांसाठी साधी नोटीस काढत नाहीत, पण ते असो.)

निर्णय राजाने दिला. पाचवा चार्ल्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता, त्याने ती इमारत पाहिलेली नव्हती, आणि त्याने काबिल्दोच्या बाजूने सही केली. तीन वर्षांनी तो कोर्दोबाला आला आणि म्हणाला म्हणे, की तुम्ही जे बांधताय ते कुठेही बांधता आलं असतं, जे मोडलंत ते जगात एकच होतं. हे वाक्य सगळे गाइड सांगतात. तो खरंच असं बोलला याला भक्कम पुरावा नाही, आणि त्याच चार्ल्सने पुढच्याच वर्षी ग्रानादाच्या अलहांब्रात, म्हणजे तिथल्या मुस्लिम राजांच्या महालांत, स्वतःचा चौकोनी राजवाडा घुसवायला काढला, तेव्हा पश्चात्ताप फार खोल नसावा. न पाहता केलेली ती सही मात्र खरी आहे. बांधकाम १६०७ पर्यंत, एर्नान रुईझ घराण्याच्या तीन पिढ्यांना पुरलं.

आता दुसऱ्या बाजूचं जे सर्वांत बळकट म्हणणं आहे ते मांडतो, कारण 'पाद्र्यांनी मशीद बळकावली' असं ओरडणारे ते कधी ऐकूनच घेत नाहीत. ही इमारत आज उभी आहे ती चर्च झाल्यामुळे. सेव्हियाची मोठी मशीद कुठे आहे? पाडली, तिचा मिनार तेवढा घंटाघर म्हणून उरला. तोलेदोची? कॅथेड्रलखाली गेली. मुस्लिम राजवटीच्या स्पेनमधल्या मोठ्या मशिदींमधली एवढी सबंध राहिलेली ही एकच, आणि ती राहिली कारण आठशे वर्षं कुणीतरी रोज सकाळी तिथे दिवा लावला, गळकं छप्पर शाकारलं, उंदीर हाकलले. रिकामी पडलेली वास्तू आणि वापरातली वास्तू यांतला फरक ज्याने गावाकडचं बंद घर पाहिलंय त्याला समजावून सांगावा लागत नाही. १२६३ मध्ये तर राजा अल्फोन्सो दहाव्याने हुकूम काढला की शहरातल्या मुसलमान गवंड्यांनी आणि सुतारांनी वर्षातून दोन दिवस या कॅथेड्रलच्या डागडुजीसाठी काम करावं. वेठबिगारच ती, तिला समरसता वगैरे म्हणायची माझी तयारी नाही. पण ज्यांच्या हातांना ती कमान ठाऊक होती त्यांच्याच हातांनी ती सांभाळली गेली, हेही तितकंच खरं. आणि मधलं ते रेनेसाँस कॅथेड्रल? ते नसतं तर पुढच्या एखाद्या बिशपने सगळंच पाडून नवं बांधलं असतं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि सेव्हियाकडे पाहता त्यांना खोटं ठरवणं कठीण आहे. म्हणूनच मी म्हणतो, चर्च राहू द्या. प्रार्थना बंद करून संग्रहालय करा ही मागणी मला पटत नाही. संग्रहालयात वस्तू राहते, तिचा दिवस राहत नाही.

पण सांभाळलं म्हणून मालक झालो, हे कुठलं गणित? २ मार्च २००६ रोजी कोर्दोबाच्या बिशपच्या कार्यालयाने ही अख्खी इमारत मालमत्ता नोंदणीत चर्चच्या नावावर चढवली. खर्च ३० युरो. दोघांच्या जेवणाचे होतात तेवढे. ना जुना दस्त दाखवावा लागला, ना शहराला नोटीस, ना हरकती मागवल्या. हे शक्य झालं १९४६ च्या, हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या एका कायद्यामुळे. त्यात बिशपला सरकारी अधिकाऱ्याच्या पंगतीला बसवलं होतं. 'ही मालमत्ता आमची' असा दाखला बिशपने स्वतःच लिहायचा आणि स्वतःच सही करायची, की झाली नोंद. गंमत अशी की फ्रँकोच्या काळातही देवळं, चर्च, कॅथेड्रलं यातून वगळली होती, कारण ती कुणाची खासगी नव्हेतच असं गृहीत होतं. ते कुंपण १९९८ साली निघालं. २०१५ मध्ये हा मार्गच बंद केला गेला, पण मधल्या सतरा वर्षांत चर्चने सुमारे ३५ हजार मालमत्ता आपल्या नावावर केल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर गावच्या पुजाऱ्याने स्वतःच तलाठी होऊन सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवावं, तसं.

यावर चर्चचं उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नोंदणीने मालकी जन्माला येत नाही, फक्त असलेली मालकी कागदावर येते. १२३६ मध्ये राजाने इमारत आम्हाला दिली, तेव्हापासून ताबा अखंड आमचा, आम्ही फक्त उशिरा नोंद केली. शिवाय त्या ३५ हजारांतल्या बहुतेक मालमत्ता म्हणजे खेड्यातलं चॅपेल, पाद्र्याचं घर, शेताचा तुकडा, ज्यांवर दुसऱ्या कुणी कधी हक्क सांगितलाच नव्हता. हे मान्य. एखाद्या डोंगरगावातलं चॅपेल चर्चचं नसेल तर कुणाचं असणार? पण याच कारभारात २०२२ साली चर्चला कबूल करावं लागलं की यादीतल्या सुमारे हजार मालमत्तांवर आपला हक्कच नाही. जिथे स्वतःचा दाखला स्वतःच द्यायचा तिथे हजार चुका निघतात, यात नवल काय? आणि कोर्दोबाचं कॅथेड्रल म्हणजे डोंगरातलं चॅपेल नव्हे. १८८२ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे, १९८४ पासून जागतिक वारसा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून त्याच्या जीर्णोद्धाराला सरकारी तिजोरीतून पैसा गेला. रिकार्दो वेलाझकेझ बोस्को या वास्तुविशारदाने झाकलेल्या कमानी उघड्या केल्या, फरशा बसवल्या, तो सरकारने नेमलेला माणूस होता. मालक आपल्या घराची डागडुजी शंभर वर्षं शेजाऱ्याच्या पैशाने करून घेतो का? शहराने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली, युनेस्कोचे माजी महासंचालक फेदेरिको मायोर सारागोसा तिच्यात होते, निष्कर्ष काढला की मालकी सिद्ध करणारा कागद चर्चकडे नाही. राजाने वास्तू पूजेसाठी सोपवली, अभिषेक झाला, हे सगळं खरं. पण अभिषेकाचं पाणी म्हणजे खरेदीखताची शाई नव्हे.

मराठी वाचकाला हे सांगायला खरं तर कोर्दोबापर्यंत जायची गरज नाही. पंढरपूरचे बडवे आणि उत्पात पिढ्यानपिढ्या विठ्ठल-रुक्मिणीची पूजा करत आले. पूजा त्यांनी केली, देऊळ त्यांनी राखलं, संकटात मूर्ती लपवली असंही ते अभिमानाने सांगत. १९७३ च्या कायद्याने विचारलं ते इतकंच, की पूजा करणारा मालक असतो का? खटला २०१४ पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने नाही असं उत्तर दिलं. त्या कायद्याने आलेल्या समितीचा कारभार आदर्श आहे असं मी म्हणणार नाही, आषाढीच्या रांगेत आठ तास उभं राहिलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही करू नका. पण सेवा वेगळी आणि स्वामित्व वेगळं, हे तत्त्व आपण एका जिवंत देवस्थानात मान्य केलं आणि त्याने विठ्ठलाची काकड आरती एक दिवसही चुकली नाही.

मग सरकारला देऊन टाकावं का? इथे चर्चच्या बाजूने बोलणाऱ्यांचं पारडं खरंच जड आहे. स्पेनच्या सरकारने चर्चची मालमत्ता घेतली तेव्हा काय झालं ते इतिहासात आहे. १८३५-३६ नंतर मठ जप्त करून विकले गेले, कित्येकांची कोठारं झाली, गुरांचे गोठे झाले. सेगोव्हियाजवळच्या साक्रामेनियाचा बाराव्या शतकातला मठ असाच खासगी हातांत गेला. १९२५ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रसम्राट हर्स्टने त्याचा चौक विकत घेतला, दगड न् दगड सुटा करून पेट्यांत भरून अटलांटिकपार नेला, आणि आज तो मायामीजवळ उभा आहे. लोक तिथे लग्नं लावतात. आणि ताजं उदाहरण हवं तर इस्तंबूलची आया सोफिया, मुळात चर्च, मग मशीद झालेली. १९३४ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका फर्मानाने तिचं संग्रहालय झालं. १० जुलै २०२० ला न्यायालयाने ते फर्मान रद्द केलं आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने ती पुन्हा मशीद झाली. ज्यांना १९३४ ची सही पुरोगामी वाटली त्यांनी २०२० च्या सहीवर कुठल्या तोंडाने हरकत घ्यायची? दोन्ही वेळा सही सरकारचीच होती. सरकारला सौंदर्यदृष्टी असते असंही समजू नये. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा उघडा लाल जांभा आपण हौसेने फोटोत घेतो, तो मूळचा नव्हे. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या वास्तुतज्ज्ञाला जुन्या इमारती दगडी दिसायला हव्यात असं वाटलं आणि त्याने गिलावा खरवडून काढला. तेव्हापासून जांभा दर पावसाळ्यात झिजतोय आणि त्याला पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. तिथेही एकाची मर्जी, एकाचा हुकूम.

तेव्हा 'चर्च की सरकार' हाही 'मशीद की चर्च' इतकाच आंधळा प्रश्न आहे. ग्रानादाच्या अलहांब्राचा कारभार एक विश्वस्त मंडळ पाहतं, त्यात प्रांताचं सरकार, मध्यवर्ती मंत्रालय आणि शहर असे तिघे बसतात. भांडतात, वेळ घालवतात, पण एकट्याने कुणाला भिंत हलवता येत नाही. कोर्दोबात आज वर्षाला सुमारे वीस लाख माणसं येतात, त्यांच्या तिकिटाचा पैसा थेट काबिल्दोकडे जातो, आणि झाडू-यंत्र कुठे ठेवायचं ते काबिल्दोच ठरवतं. १९७० च्या दशकात अंगणाकडच्या कमानींना बसवलेली लाकडी जाळी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीला वाट करायला २०१७ मध्ये काढली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मिरवणूक जायला हवी होती का? कदाचित हो. शहराची ती जिवंत परंपरा आहे, हजारो माणसं त्यासाठी वर्षभर थांबतात. माझी तक्रार जाळी काढण्याबद्दल नाही. काढायची की नाही यावर बोलायला लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली, याबद्दल आहे.

राहिला तो प्रश्न ज्यावर आमच्या गटातला तिसरा गडी अडून बसला होता: आधी तिथे काय होतं? चर्चचे समर्थक सांगतात, सान व्हिसेन्तेचं व्हिसिगॉथ चर्च होतं, म्हणजे १२३६ मध्ये आम्ही आमचंच परत घेतलं. फरशीखाली सापडलेली मोझेक आज काचेतून पाहता येतात. ती नेमक्या कुठल्या इमारतीची, यावर पुरातत्त्वज्ञांत एकमत नाही. पण समजा असेल चर्च, मग? त्याखाली रोमन शहर आहे. खणत गेलं तर हक्क सांगणारे वाढतात, कमी होत नाहीत. हे ऐकताना आपल्याकडचे कान टवकारतात ते मला ठाऊक आहे, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक आठवण करून देतो. 'स्पेनने बघा कसं आपलं परत घेतलं' असं म्हणणाऱ्यांनी त्या १५२३ च्या ख्रिस्ती नगरपालिकेला आधी हिशोबात धरावं. आणि मुस्लिम राजवटीचा स्पेन म्हणजे तीन धर्मांचं नंदनवन होतं असं म्हणणाऱ्यांनी ८५० च्या दशकात याच शहरात शिरच्छेद झालेल्या सुमारे पन्नास ख्रिश्चनांना धरावं. ९९७ मध्ये कोर्दोबाचा सेनानी अल-मन्सूर याने उत्तर स्पेनमधल्या सान्तियागोचं चर्च लुटलं, तिथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या आणि या मशिदीत दिवे म्हणून टांगल्या. १२३६ मध्ये फर्नांडोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या, असं इतिहासकार लिहितात. कोर्दोबाला नजीर म्हणून वापरायचं असेल तर ही घंटांची जा-ये पूर्ण सांगावी लागेल, निम्मी नाही.

मुसलमानांनी तिथे नमाज पढावा का, हाही प्रश्न वारंवार येतो. १९३३ मध्ये कवी इक्बाल तिथे गेले, परवानगी मिळवून नमाज पढले आणि त्यावर उर्दूतली एक थोर कविता लिहून गेले. २०१० मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या काही मुसलमान पर्यटकांनी गुडघे टेकले तेव्हा पहारेकऱ्यांशी झटापट झाली, दोघांना अटक झाली. इतिहासाच्या जोरावर वाटा मागण्याच्या मी विरोधात आहे, कारण तो वाटा मग सगळ्यांनाच द्यावा लागतो. पण एका माणसाने कोपऱ्यात वाकणं आणि इमारतीवर हक्क सांगणं यांतला फरक पहारेकऱ्याला कळू नये? आत्मविश्वास असलेला मालक असा दचकत नाही. ज्याच्या कागदावरची शाई अजून ओली आहे तो दचकतो.

स्पेनमध्ये एक जुनी चाल होती. नगरपालिका, मठ, आणि काबिल्दोसुद्धा, आपला पैसा आणि महत्त्वाचे दस्त तीन किल्ल्या लागणाऱ्या पेटीत ठेवत. तीन कुलपं, तीन माणसं, प्रत्येकाकडे एकच किल्ली. तिघे एका वेळी हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. त्या तिघांचं एकमेकांवर प्रेम असावं अशी अट कुणी घातली नव्हती, किंबहुना नसावं यासाठीच ती पेटी होती. या इमारतीलाही तशीच पेटी हवी. काबिल्दोने प्रार्थनेची किल्ली ठेवावी, ती त्यांच्याकडून कुणी मागू नये. दुसरी शहराकडे, तिसरी वारसा सांभाळणाऱ्या तज्ज्ञांकडे. खांब हलवायचा, जाळी काढायची, फलकावरचं नाव बदलायचं किंवा चॅपेलाची अडगळीची खोली करायची, तर तिघांनी यावं. पेटी कशी असते हे काबिल्दोला समजावून सांगायची गरज नाही. त्यांचे जुने दस्त शतकानुशतकं तिच्यातच होते.